निराधारचा पगार नेमका कुठं अडतो? संजय गांधी, श्रावणबाळ आणि डीबीटी

माणदेशी

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय. हा प्रश्न एका घरापुरता नाही असं आता दिसायला लागलंय.

शेजारच्या वस्तीवर एक आत्ती राहतात. वय सत्तरीच्या पुढं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा-सून दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ते पाडव्याच्या आसपास परततात. आत्तींचा श्रावणबाळचा पगार, म्हणजे निराधार वृद्धांना सरकारकडून मिळणारं महिन्याचं अनुदान, चालू होता, तो मध्येच बंद पडला. बँकेत गेल्या की काउंटरवरून उत्तर, "वरनंच आले नाहीत." तहसीलला गेल्या की, "आमच्याकडनं गेलेत, बँकेत बघा." वस्तीवरून तालुक्याला जायचं म्हणजे वडापचं भाडं आणि अख्खा दिवस. शेवटी मी बरोबर गेलो.

तहसीलच्या संगांयो (संजय गांधी योजना) शाखेतल्या एका भल्या ऑपरेटरनं संगणकावर बघून सांगितलं की एकही हप्ता अडकलेला नाही, सगळे जमा झालेत. मग गेले कुठं? आत्तींच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन 'माय आधार'च्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ती नोंद, उघडलं, तर तिथं त्यांच्या बँकेचं नावच नाही. भलत्याच एका पेमेंट बँकेचं नाव आणि खाली तारीख. त्या तारखेच्या सुमाराला गावात अपघात विम्याचं शिबिर भरलं होतं. अंगठा लावा, विमा निघेल, असं सांगून विम्याबरोबर खातंही उघडलं आणि आधार त्या खात्याला जोडून टाकलं. आत्तींना ना पासबुक मिळालं, ना कुणी सांगितलं. पैसे दर हप्त्याला तिथं साचत होते आणि इकडं बाई किराणा उधार आणत होती.

हे होतं कसं, तर डीबीटीचे, म्हणजे सरकार थेट खात्यात टाकतं ते पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार क्रमांकावर जातात. कुठलं आधार कुठल्या बँकेकडं, याची नोंद एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडं असते, तिला मॅपर म्हणतात. एका आधारसमोर तिथं एकच बँक राहते. ज्या बँकेनं शेवटी सीडिंग केलं तिचं नाव लागतं, आधीचं निघून जातं. त्यामुळं अर्जावर खाते क्रमांक कितीही ठळक लिहा, पासबुकाची झेरॉक्स जोडा, पैसे मॅपर म्हणेल तिकडंच जाणार. "माझं आधार बँकेला लिंक आहे" एवढ्यानं भागत नाही. केवायसीसाठी आधार चार बँकांत दिलेलं असू शकतं, अनुदान मात्र एकाच ठिकाणी येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. पगार मंजूर झाला तेव्हा आत्तींना मंजुरीचं पत्र आलं होतं. तो थांबला किंवा त्याची वाट बदलली, तेव्हा साधी चिठ्ठी नाही. पैसे थांबले तर कारण लेखी मिळायला हवं आणि ते देणं कुणाचं तरी काम असायला हवं. तुमच्या भागात काय चाललंय? कुणी याची तड लावलीय का?

निवृत्त_अव्वल_कारकून

धागा चांगला काढलात. मी काही वर्षे याच शाखेत होतो, म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची. ६५ वर्षांखालील विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी, अनाथ मुले वगैरे तिच्यात येतात. ६५ च्या पुढच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्याला केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेची जोड. रक्कम आधी सहाशे, मग हजार, २०२३ पासून दीड हजार. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार.

डीबीटीच्या आधीची पद्धत अशी होती. अनुदान सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती अशा वेगवेगळ्या शीर्षांखाली यायचे. एका शीर्षात पैसे यायचे, दुसऱ्यात नसायचे. मग एकाच गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकीचा पगार व्हायचा आणि दुसरी आमच्यापुढे येऊन विचारायची, माझाच का नाही. आम्ही कोषागारात बिल टाकायचो, धनादेश निघायचा, मग बँकेच्या प्रत्येक शाखेला यादी आणि धनादेश. तिथला एकुलता एक क्लार्क पीककर्जाच्या गर्दीतून सवड काढून एकेक नाव भरायचा. धनादेश वटल्यावरही लोकांच्या हातात पैसे पडायला आठवडे जात. मयतांची नावे यादीत राहत, कारण कुणी कळवत नसे. एकाच माणसाला दोन योजनांचे पैसे जात.

२०२४ च्या अखेरीपासून हे सगळे मुंबईहून थेट खात्यात जाऊ लागले. मधले टप्पे गेले, हे चांगलेच झाले आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण माणदेशी म्हणतात तो मुद्दा खरा आहे. पूर्वी यादी माझ्या टेबलावर असायची. आज्जी आली की मी बोट फिरवून सांगू शकायचो, तुमचे नाव एकशे बाराव्या क्रमांकावर आहे, शुक्रवारी बँकेत जा. आता तिथे बसलेल्या माणसाला पडद्यावर 'यशस्वी' दिसते, पुढचे त्याच्या हातात नाही. डीबीटीसाठी आधार पडताळणी झाली तेव्हा ज्यांच्या आधारवर नाव किंवा जन्मतारीख चुकलेली होती, जे अंथरुणाला खिळलेले होते, ते मागे राहिले. म्हणजे ज्यांच्यासाठी योजना आहे, त्यांच्यातलेच सगळ्यांत अशक्त.

पुणेकर_मुलगी

माझी आई सोलापूर जिल्ह्यात गावी असते. अर्धांगवायू झालाय, उठता येत नाही, सहीही करता येत नाही. दिव्यांग म्हणून तिला संजय गांधीचे पैसे मंजूर आहेत आणि खात्यात येतातही. पण बँकेचं म्हणणं, खातेदाराला घेऊन या. तिला रिक्षात घालून न्यायचं म्हणजे तिचे हाल. काका शेजारीच राहतात, ते जाऊन काढू शकतात का?

बँकमित्र_मराठवाडा

ताई, काढता येतात. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आजारी किंवा अपंग खातेदाराला सही करता येत नसेल, तर स्लिपवर हाताच्या नाहीतर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. पैसे कोण घेऊन जाणार हेही त्यांच्यासमोरच सांगायचं. म्हणजे बँकेच्या माणसानं घरी यायचं आहे, आईनं बँकेत नाही. शिवाय ७० वर्षांच्या वरचे आणि दिव्यांग खातेदार यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्येच सगळ्या बँकांना सांगितलंय. शाखाधिकाऱ्याच्या नावानं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की तोंडीच नकार येतो.

आता माझ्या कामाचं सांगतो. मी गावात बँकेचा बीसी, म्हणजे बँकेच्या वतीनं काम करणारा प्रतिनिधी आहे. मशीनवर अंगठा घेऊन पैसे देतो. पगार जमा झाल्याची बातमी पसरली की सकाळी सातपासून ओट्यावर रांग लागते. निम्म्या लोकांचे ठसे पहिल्या फटक्यात उमटत नाहीत. जन्मभर कापूस वेचलेली, भांडी घासलेली बोटं आहेत ती. मी ओल्या फडक्यानं बोट पुसतो, थोडं खोबरेल लावतो, मग दुसऱ्या हाताचं बोट बघतो. तरी नाही झालं तर सरळ शाखेत पाठवतो. पासबुक आणि विड्रॉल स्लिप घेऊन शाखेत गेलं तर अंगठ्याच्या मशीनची सक्ती नसते, हे खूप जणांना माहीत नाही. ठसा जुळत नाही म्हणून माणसाचा हक्क जात नाही. २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानंही ओळख पटवताना मशीन फसलं म्हणून लाभ नाकारू नका, असंच म्हटलंय.

दोन गोष्टी सगळ्यांनी ध्यानात ठेवा. एक, आपल्या पगारातून शंभराला दोन, हजाराला वीस असं कापून देणारे आहेत. तसं कापायचा कुणालाच अधिकार नाही, आमचं कमिशन आम्हाला बँक देते. पावती मागा आणि पावतीवरचा आकडा कुणा शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. "अंगठा बसला नाही, परत लावा" म्हणत दोनदा अंगठा घेऊन दोनदा पैसे काढायचे आणि एकदाच द्यायचे. म्हातारीला महिनाभर पत्ता लागत नाही. यासाठी पासबुकात एंट्री मारून घेणं हाच उपाय.

आणि खात्यातून पैसे वजा झाले पण हातात पडले नाहीत, तर पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढं उशीर झाला तर बँकेनं दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, असं रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे.

माणदेशी, तुमच्या आत्तींचे पैसे अडकलेत तेही निघतील. कुठल्याही बीसीकडं जा. मशीनवर बँक निवडायची यादी येते, तिथं त्यांची नेहमीची बँक न निवडता ती पेमेंट बँक निवडा आणि अंगठा लावा. आधी नुसती शिल्लक तपासा. मग नेहमीच्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा, त्यावर आधीच्या बँकेचं नाव लिहायची जागा असते ती रिकामी सोडू नका. काही दिवसांनी स्टेटस परत बघा.

माणदेशी

बँकमित्र, मनापासून आभार. काल तसंच केलं. शिल्लक दिसली, पैसे निघाले. सीडिंगचा अर्जही दिलाय.

टपाल_खात्यातला

मी खेड्यात पोस्टमन होतो, मनीऑर्डरच्या काळापासून. तेव्हाची पद्धत आदर्श होती असं म्हणणार नाही. पैसे मोजून देताना "पोस्टमनचा चहा" काढून घेणारे होते, मी पाहिलेत, आणि त्यांना आडवून पाहिलंय. पण मनीऑर्डरचा एक नियम फार कामाचा होता. ज्याच्या नावाची ऑर्डर त्याच्या हातात दिली नाही, तर फॉर्मवर कारण लिहावं लागायचं. पत्त्यावर नाही, मयत, घेण्यास नकार. आणि तो फॉर्म पाठवणाऱ्याकडं परत जायचा. पैसे का पोचले नाहीत हे कागदावर यायचं, खाली माझी सही असायची.

आता इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक आल्यापासून (सप्टेंबर २०१८) पोस्टमनकडे मशीन आहे आणि तो कुठल्याही बँकेच्या खात्यातले पैसे आधारवर दारात देऊ शकतो. आपल्या पोस्टात जाऊन नाव सांगून ठेवा. बऱ्याच गावांत ही सोय आहे हेच ठाऊक नसतं.

लेक_विदर्भाची

निराधारवाल्या बायांची अजून एक गुंतागुंत सांगते. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण आली, तिचेही दीड हजारच. नियम असा की दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजार मिळत असतील तर लाडकी बहीण नाही. पण फॉर्म भरायची घाई इतकी होती की संजय गांधीतल्या कितीतरी विधवांचे फॉर्म भरले गेले. पुढे छाननीत त्यांची नावं निघाली. नियमाप्रमाणे ते बरोबर असेल, पण त्या बाईला काय कळलं? "आधी दोन यायचे, आता एकच येतो." कुठला बंद झाला, का झाला, चालू आहे तो तरी राहील का, सांगायला कुणी नाही. आमच्या अंगणवाडी सेविकेच्या दारात बाया जाऊन बसतात, तिच्या पगारात हे काम धरलेलंसुद्धा नाही.

मग लाडकी बहीणसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी आली. त्यात नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारवर ओटीपी. जिचा नवराही नाही आणि बापही नाही, तिनं कुणाचा ओटीपी आणायचा? नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं त्याच्याच दारात जाऊन ओटीपी मागायचा? एका बाईला तिचा नवरा म्हणाला, अर्धे पैसे दे मग सांगतो. हे मी स्वतः ऐकलं आहे. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं ज्या घराचं चित्र होतं, तसं घर नाही म्हणून तर ती बाई या रांगेत उभी आहे.

पुणेकर_मुलगी

अगदी खरं. आणि बँकमित्र दादा, तुमचे खूप आभार. अर्ज लिहून काकांकडे पाठवलाय.

शेतमजूर_संघटना

आम्ही तालुक्यात निराधारांचे अर्ज भरून देतो. इथं कुणी बोललं नाही, ते उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल लिहितो, कारण पैसे निघायच्या आधीच माणूस तिथं अडतो.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. दिव्यांगांची मर्यादा त्याहून जास्त आहे, पण विधवा आणि वृद्धांना २१ हजारच. आता हिशेब करा. रोजगार हमीची २०२५-२६ ची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला ३१२ रुपये. घरातल्या एका माणसानं वर्षात ६८ दिवस रोजगार हमीवर काम केलं की २१ हजार ओलांडले. म्हणजे सरकारच्याच कामावर सरकारच्याच दरानं सव्वादोन महिने राबलेलं घर सरकारच्या लेखी निराधार राहत नाही. ही मर्यादा पाळायची तर तलाठ्यानं खोटा आकडा लिहायचा आणि अर्जदारानं खोट्या आकड्याखाली अंगठा द्यायचा. एकदा खोट्यावर उभं केलं की माणूस कायमचा मिंधा होतो. कुणीही उठून म्हणतं, "दाखला खोटा आहे, बंद करीन." गावच्या निवडणुकीत हे बोलून दाखवलं जातं. आम्हाला सगळ्यांत जास्त राग याचा आहे. मर्यादा वाढवा, म्हणजे लोक खरं सांगून हक्कानं पैसे घेतील.

मंजुरीची तालुका समिती हाही असाच विषय. अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या शिफारशीनं येतो. समिती वेळेत बनली नाही, बैठक लागली नाही, की अर्जांचे गठ्ठे पडून. पैसे मात्र मंजुरीनंतरच सुरू होतात, वाट पाहिलेले महिने गेले ते गेले.

आणि केंद्राचा वाटा किती? ८० च्या आतल्या वृद्धाला महिना दोनशे रुपये. २००७ साली योजनेला इंदिरा गांधींचं नाव दिलं तेव्हाही दोनशेच होते. बाकीचे राज्य घालतं. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषदेतून मागणी केली होती की वृद्धांना किमान वेतनाच्या निम्मं पेन्शन द्या आणि ते महागाईशी जोडा. मला ती आजही वाजवी वाटते.

मडगावकर

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठांना महिना दोन हजार मिळतात, गृहिणींसाठी गृह आधारचे दीड हजार वेगळे. राज्य लहान, बँक जवळ, त्यामुळे माणदेशींनी लिहिले तसा प्रवास आमच्या आजीला करावा लागत नाही. पण अडचण तीच, हप्ता लांबला तर केव्हा येणार ते कुणी सांगत नाही. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पैसे थांबतात, आणि आठवणीचे पत्र येत नाही. आमच्या वाड्यावर एका आजोबांचे पैसे असे थांबले. ते घरी वाट बघत बसले, त्यांना वाटले सरकारकडे पैसे नाहीत.

निवृत्त_अव्वल_कारकून

हयातीचा विषय निघालाच आहे तर एक पुस्ती. आता मोबाइलवर चेहरा दाखवून हयातीची नोंद करण्याची सोय आली आहे, त्यासाठी आधारवरचा फोटो आताच्या चेहऱ्याशी जुळावा लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचा फोटो आणि आताचा चेहरा यात फार फरक पडला असेल, तर आधार केंद्रात आधीच फोटो नवा करून घ्या. हयातीची धावपळ सुरू झाली की तिथे नंबर लागत नाही.

आणखी एक. खाते दोन वर्षे वापरात नसेल तर बँक ते निष्क्रिय करते. पण अनुदानासाठी उघडलेल्या शून्य शिल्लक खात्यांना ती अट लावू नका, असे रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात सांगितले आहे. चुकून तसे झालेच, तर खाते पुन्हा सुरू करायला कुठलेही शुल्क नाही. आणि खात्यावर पीककर्जापोटी 'होल्ड' (पैसे काढायला अटकाव) टाकला असेल, तर शाखेकडे न भांडता थेट तहसीलदार आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे अर्ज करा. निराधारचे पैसे कर्जात वळते करणे योग्य नाही, आणि अर्ज आला की शाखा सहसा होल्ड काढते.

माणदेशी

सगळ्यांचं वाचून ठरवलंय, आमच्या गावातल्या बंद पडलेल्या पगारांची यादी करायची आणि एकेकाचा वेगळा अर्ज द्यायचा. कुणाला हवा असेल तर मजकूर घ्या:

"मा. तहसीलदार (संगांयो शाखा), माझे श्रावणबाळ योजनेचे अर्थसहाय्य अमुक महिन्यापासून माझ्या हाती आलेले नाही. माझ्या नावे त्या महिन्यापासून रक्कम वितरित झाली आहे का, झाली असल्यास कोणत्या बँकेत व कोणत्या तारखेस, झाली नसल्यास ती कोणत्या कारणाने व कोणाच्या आदेशाने थांबवली, हे मला लेखी कळवावे."

खाली नाव, गाव, मंजुरी आदेशाचा क्रमांक. आधार क्रमांकाचे शेवटचे चारच अंक लिहा, पूर्ण आधार लिहू नका.

शेतमजूर_संघटना

मजकूर उत्तम. दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. महिन्यात उत्तर आलं नाही तर हेच प्रश्न माहिती अधिकारात टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून संजय गांधी आणि लाडकी बहीण एका अर्जात घालू नका, त्या कारणावरून परत करतात.